पावसाळ्यात कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात तेव्हा

श्रावण-भाद्रपदात झड लागली की परसातल्या कोंबड्या दिवसदिवस खुराड्यात कोंडल्या जातात आणि एखादीचं अंग उघडं पडलेलं दिसतं. लगेच चोची कापायला निघू नका. आधी कोंबडी हातात घ्या आणि पिसं नेमकी कुठली गेलीत ते बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

डोक्यावर, तुऱ्यावर टोचल्याच्या खुणा असतील तर ते मानापानाचं भांडण. रक्त निघत नाही तोवर मधे पडू नये. फक्त पाठीचा मधला भाग उघडा असेल तर बहुधा नराच्या नखांनी पिसं गेलेली असतात. 8-10 माद्यांमागे एक नर पुरे. अंगभर पिसं विरळ झाली, अंडी थांबली आणि कातडीतून नवे कोंब दिसताहेत, तर ती पीसझड. शरदात ती व्हायचीच. खरी काळजी शेपटीच्या बुडाची आणि गुदद्वाराभोवतीची. तिथे रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या त्यावर तुटून पडतात आणि आतडं ओढून काढेपर्यंत मजल जाते. तलंगा (तरुण माद्या) पहिल्यांदा अंड्यावर येतात तेव्हा हा धोका फार, कारण अंडं घालताना आतला लाल भाग क्षणभर बाहेर येतो. म्हणून अंड्याची जागा अंधारी आणि आडोशाची हवी.

जखमी कोंबडी तासभरही कळपात ठेवू नका. जखम कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन हळद आणि कडुनिंबाचं तेल लावा. पावसाळ्यात माश्या बसून जखमेत अळ्या पडतात, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ तपासा. अळ्या दिसल्या तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

आता खाद्य. उपटलेलं पीस कोंबडी गिळताना दिसली तर बहुतेक वेळा प्रथिनं कमी पडताहेत. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. एरवी गांडुळं, किडे, वाळवी टिपून ती आपली गरज भागवते; कोंडल्यावर तिच्यापुढे नुसती मका, ज्वारी नाहीतर तांदळाची कणी येते. अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिनं लागतात, धान्यात असतात 9-10 टक्के. 800 ग्रॅम धान्याच्या भरड्यात 200 ग्रॅम सोयाबीन पेंड मिसळली की हिशेब जमतो. कच्चं सोयाबीन मात्र देऊ नका. कोकणात सुकट सहज मिळते, तीही चालेल. शेंगदाणा पेंड या दिवसांत जपून वापरा. तिला बुरशी लागते आणि त्या बुरशीचं विष कोंबड्यांना मारतं. मीठ किलोला 3 ग्रॅम पुरे, खारवलेली सुकट घालत असाल तर तेही नको. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा.

रिकामी चोच टोचायला शेजारीणच शोधते. कोबीचा पाला, मेथीच्या जुड्या मानेच्या उंचीवर दोरीने टांगा. खाली टाकलेला पाला दहा मिनिटांत संपतो, टांगलेला तासभर पुरतो. छपराखाली एका घमेल्यात कोरडी राख आणि माती ठेवा. त्यात लोळून उवा कमी होतात. अंगाला खाज सुटली की कोंबड्या आपलीही पिसं उपटतात. रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांड्यांच्या फटी बघा. बारीक लालसर किडे दिसले तर दांड्या काढून उन्हात टाका, फटींत चुना भरा. खुराड्याच्या जमिनीवर पसरलेली भुशाची गादी ओली झाली की बदला. खाद्याची आणि पाण्याची भांडी दोन टोकांना ठेवा, म्हणजे एकच दांडगी कोंबडी दोन्ही अडवू शकत नाही.

इतकं करूनही एकच कोंबडी सगळ्यांना छळत असेल तर मार खाणारीला नव्हे, तिलाच बाहेर काढा. आठवडाभर दुसऱ्या खुराड्यात राहून परत आली की तिचा दरारा उतरलेला असतो. मार खाणारीला वेगळं काढायचीच वेळ आली तर जाळीपलीकडे, सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. बाजारातून आणलेल्या कोंबड्या 2-3 आठवडे दूर ठेवूनच मिसळा, कारण मानमोडीही (राणीखेत रोग) त्यांच्याबरोबर येते. आणि मिसळताना एकटी नको, दोघी-तिघी रात्रीच्या वेळी सोडा.

चोच कापणं परसातल्या कोंबडीला परवडत नाही. उघडीप मिळाली की तिला त्याच चोचीने किडे वेचायचे असतात.