‘द प्रिन्स’ वाचताय? या चुका टाळा

‘द प्रिन्स’ म्हणजे राज्य मिळवावं आणि राखावं कसं, यावर इटलीतल्या मॅकियाव्हेलीने सोळाव्या शतकात लिहिलेलं पुस्तक. त्याच्या नावावर सगळ्यात जास्त खपणारं वाक्य त्याचं नाहीच. ‘साध्य चांगलं असेल तर साधन कुठलंही चालतं’ हे मीही एकेकाळी पेपरात अवतरणचिन्हांत लिहून आलो होतो, मार्कही मिळाले. पुढे पुस्तकात ते शोधायला बसलो, तर अठराव्या प्रकरणात निराळंच काही सापडलं. राजाच्या कृतीविरुद्ध दाद मागायला वरचं कोर्ट नसतं, म्हणून लोक निकाल बघतात. राज्य जिंकलं आणि राखलं की साधनांची वाहवा होतेच. चांगल्या साध्याचा तिथे विषयच नाही. लोकांची नजर कशी चालते, हे तो सांगतोय.

हे पुस्तक सुविचारांच्या कॅलेंडरसारखं वाचलं जातं, तिथूनच घोळ सुरू होतो.

वाक्य अर्ध्यावर सोडणं

‘राजावर लोकांचं प्रेम असावं की त्याची भीती?’ सतराव्या प्रकरणातला हा प्रश्न सगळ्यांना ठाऊक असतो. उत्तर मात्र निम्मंच पोचतं. दोन्ही हवं, पण एकत्र मिळणं कठीण, आणि निवडायचंच झालं तर भीती जास्त भरवशाची, एवढं वाचून पुस्तक मिटलं जातं. पुढची अट अशी: भीती असू दे, द्वेष नको. द्वेष टाळायचा कसा? प्रजेच्या मालमत्तेला आणि बायकांना हात लावू नकोस. बाप मेल्याचं दुःख माणूस लवकर विसरतो, वडिलोपार्जित मिळकत गेल्याचं नाही. जमिनीच्या तुकड्यावरून दोन-दोन पिढ्या चाललेले भाऊबंदकीचे दावे ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

फक्त १५ ते १८ प्रकरणं वाचणं

गाजलेली, झोंबणारी वाक्यं त्याच पानांत आहेत हे खरं. पण सत्ता मिळते कशी, याची खरी मांडणी सहाव्यापासून नवव्या प्रकरणापर्यंत आहे. कुणी स्वतःच्या फौजेवर आणि कर्तबगारीवर राज्य मिळवतो, कुणी दुसऱ्याच्या फौजेवर आणि नशिबावर, कुणी गुन्हा करून, तर कुणाला आपलेच नागरिक गादीवर बसवतात. मिळण्याचा रस्ता कुठला, त्यावर टिकवण्याची अडचण ठरते. बड्या सरदारांनी बसवलेल्या राजाची अवस्था सगळ्यात बिकट, कारण ते सगळे स्वतःला त्याच्या बरोबरीचे समजतात. लोकांचं मागणं साधं असतं, आम्हाला छळू नका. बड्यांना छळायचंच असतं. कुठल्याही आघाडी सरकारातलं खातेवाटप बघताना मला हे नववं प्रकरण आठवतं.

बोर्जाला आदर्श समजणं

सातव्या प्रकरणातली गोष्ट. चेझारे बोर्जा या पोपच्या मुलाने इटलीतला रोमान्या प्रांत ताळ्यावर आणायला रेमिरो द ओर्को नावाचा क्रूर, झटपट काम करणारा अधिकारी नेमला. शांतता झाली, पण लोक चिडले. मग १५०२ च्या डिसेंबरात एका सकाळी चेझेनाच्या चौकात रेमिरो दोन तुकडे होऊन पडलेला दिसला. शेजारी लाकडाचा ठोकळा आणि रक्ताळलेला सुरा. लोक समाधानीही झाले आणि सुन्नही. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराचा दूत म्हणून मॅकियाव्हेली तेव्हा बोर्जाच्या गोटातच होता, त्यामुळे ही ऐकीव गोष्ट नव्हे.

वाचक इथेच भारावतो आणि प्रकरणाचा शेवट विसरतो. १५०३ च्या ऑगस्टमध्ये बोर्जाचा बाप, पोप अलेक्झांडर सहावा, वारला. नेमका तेव्हाच बोर्जाही आजारी पडला. पुढे ज्या घराण्याला आपण दुखावलं, त्यातल्याच माणसाला त्याने पोप होऊ दिलं. नव्या उपकारांनी जुने घाव बुजतात असं मानणारा फसतो, असं लिहून मॅकियाव्हेली ती चूक सरळ बोर्जाच्या पदरात टाकतो. बापाच्या बळावर मिळालेलं राज्य बापामागून गेलं.

लिहिणारा कोण, हे विसरणं

हा दरबारातला सल्लागार नव्हता, नोकरी गेलेला कारकून होता. १४९८ पासून चौदा वर्षं फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाच्या कचेरीत काढली. १५१२ मध्ये फ्लॉरेन्सवर पूर्वी सत्ता गाजवणारं मेदिची घराणं परतलं आणि त्याला काढलं. पुढल्या वर्षी कटाच्या संशयावरून पकडून हात पाठीशी बांधले, दोरीने वर खेचून सहा वेळा खाली सोडलं. सुटल्यावर तो गावच्या शेतावर राहिला. तिथून मित्राला लिहिलेल्या १० डिसेंबर १५१३ च्या पत्रात तो सांगतो, की दुपारी खाणावळीत खाटीक आणि गिरणीवाल्याबरोबर पत्ते कुटतो, एका दमडीवरून भांडणं होतात, आरडाओरडा शेजारच्या गावात ऐकू जातो. संध्याकाळी चिखलाचे कपडे उतरवायचे, दरबारी पोशाख चढवायचा आणि चार तास जुन्या लेखकांच्या संगतीत बसायचं. त्यातून हे पुस्तक झालं, आणि अर्पण केलं त्याच मेदिचींना. छापलं गेलं १५३२ मध्ये, तो गेल्यावर पाच वर्षांनी.

‘व्हिर्तू’चं भाषांतर ‘सद्गुण’ करणं

करू नका. मूळ इटालियन पुस्तकात हा शब्द वारंवार येतो. कर्तबगारी, धमक, प्रसंगावधान यांतलं काहीतरी घ्या, नाहीतर अर्धी पानं निरर्थक वाटतील.

‘इटलीचा चाणक्य’ म्हणून मोकळं होणं

जोडीला कुणी हवंच असेल तर आपल्या ‘आज्ञापत्रा’शेजारी, म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या मराठेशाहीतल्या राजनीतीच्या ग्रंथाशेजारी ठेवून वाचा; मजा तिथे आहे. मॅकियाव्हेली विसाव्या प्रकरणात म्हणतो, परक्यांपेक्षा स्वतःच्या प्रजेचं भय जास्त असेल तर किल्ले बांध, उलटं असेल तर सोडून दे. प्रजेचा द्वेष नसणं हाच उत्तम किल्ला. मिलानच्या किल्ल्याने तिथल्या स्फोर्झा राजघराण्याला तापच दिला, असा दाखला देतो. रामचंद्रपंत अमात्य मात्र लिहितात, संपूर्ण राज्याचं सार ते दुर्ग. औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून होता आणि राजाराम महाराज दक्षिणेकडच्या जिंजीच्या किल्ल्यात, तेव्हा इकडचा कारभार सांभाळणाऱ्यांत हेच पंत होते. ती जिंजी घ्यायला मुघलांना सात-आठ वर्षं लागली. किल्ले सोड, प्रजेची माया पुरे, असं पंतांना सांगून पाहायला हवं होतं कुणीतरी.