ॲजिलिटी स्पर्धा दिव्यांग हँडलरसाठी सोयीची कशी करावी

1978 साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत घोड्यांच्या उड्यांवरून सुचलेला एक खेळ दाखवला गेला. तोच हा ॲजिलिटी. कुत्रा पट्ट्याशिवाय उड्या, बोगदे, सीसॉ आणि खुंट्यांची नागमोडी रांग ठरलेल्या क्रमाने पार करतो. हँडलर, म्हणजे कुत्र्यासोबतचा माणूस, फक्त आवाजाने आणि हाताने वाट दाखवतो, कुत्र्याला शिवायचंही नाही. म्हणजे धावायचं आहे ते कुत्र्याने. म्हणूनच व्हीलचेअरवरच्या किंवा कुबड्या घेतलेल्या माणसाला इथे खरीखुरी स्पर्धा करता येते, फक्त आयोजकांनी आधीपासून विचार केला पाहिजे.

सुरुवात प्रवेशअर्जापासून करा. ‘तुम्हाला कोणती सोय लागेल?’ एवढंच विचारा, आजाराचा तपशील मागू नका. ब्रिटनमध्ये 2010 च्या समानता कायद्याने अशा वाजवी सोयी करणं बंधनकारकच आहे.

मग मैदान. पार्किंग आणि स्वच्छतागृहाजवळची, सपाट आणि घट्ट जमिनीची रिंग, म्हणजे स्पर्धेचं आखलेलं मैदान, या हँडलरना द्या, गवत बारीक कापून घ्या. आदल्या दिवशी कुणीतरी स्वतः व्हीलचेअरवर बसून गाडीपासून रिंगपर्यंत जाऊन बघावं. ओल्या गवतात पुढची छोटी चाकं रुतली की हातांची ताकद तिथेच संपते. अशा जागी रबरी मॅट टाका.

सर्वात महत्त्वाचं काम परीक्षकाचं, आणि ते कागदावर होतं. कोर्स, म्हणजे अडथळ्यांची मांडणी, आखताना कुत्र्याच्या वाटेसोबत व्हीलचेअरची वाटही पेन्सिलने काढा. वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. डॉग वॉक, म्हणजे तीन फळ्यांचा अरुंद पूल, दहा मीटरहून लांब असतो. तो मधोमध आडवा ठेवलात तर हँडलरला अख्खा वळसा पडतो आणि तोवर कुत्रा चुकीच्या बोगद्यात शिरलेला असतो. बोगदा धरून ठेवणाऱ्या वाळूच्या पिशव्याही चाकांच्या वाटेत येतात, त्या तपासा. अडथळे मात्र कुणासाठी सोपे करू नका. कुत्र्याची परीक्षा सगळ्यांची सारखीच हवी, आणि या हँडलरनाही तेच हवं असतं.

स्पर्धेआधी सगळे हँडलर कुत्र्याविना कोर्स चालून पाठ करतात. त्या गर्दीत काठी घेऊन चालणं अवघड, म्हणून दिव्यांग हँडलरना पाच-दहा मिनिटं आधी आत सोडा. दृष्टी कमी असलेल्यांसोबत मदतनीस जाऊ द्या, अडथळ्यांचे आकडे मोठे आणि ठळक ठेवा.

धावण्याची वेळ ठरवून द्या, म्हणजे उन्हात रांगेत ताटकळावं लागत नाही. वेळ मोजणारा ‘सुरू करा’ असं ओरडून सांगतो, ते बहिऱ्या हँडलरला कळत नाही. त्यांच्यासाठी झेंडी दाखवा, कुठली झेंडी ते आधी भेटून ठरवा.

आणि पट्टा. हँडलर तो सुरुवातीला काढून ठेवतो, स्वयंसेवक तो शेवटच्या अडथळ्यापाशी नेऊन जमिनीवर टाकतात. धापा टाकणारा कुत्रा मांडीवर उड्या मारतोय आणि त्याच वेळी वाकून गवतातला पट्टा उचलायचा, हे व्हीलचेअरवरून करून बघा. कमरेच्या उंचीची एक खुंटी रोवा, तिला हूक लावा आणि पट्टा तिथे अडकवा.