उक्तं की हजेरी? साइटवर सामान उतरवण्याआधी ठरवा

साइटवर मला दोन नावं आहेत. बिल लावायच्या दिवशी मी ‘कॉन्ट्रॅक्टर’ असतो. रविवारी काम ओढायचं असलं की ‘आपला माणूस’. टाइल्स बसवण्याचं काम मी २००४ पासून करतोय, आधी सात वर्षं हजेरीवर, म्हणजे रोजाच्या मजुरीवर, मग उक्तं, म्हणजे कामाच्या ठरलेल्या रेटवर. पण आपण नक्की कोण, हा प्रश्न मला २०१९ मध्ये पडला. मोशीच्या एका साइटवर माझा हेल्पर बाथरूममध्ये उंचीवर उभं राहायच्या घोडीवरून पडला आणि पायाचं हाड मोडलं. बिल्डरच्या ऑफिसात गेलो तर साहेब मान वर न करता म्हणाले, “तो तुमचा माणूस आहे.” आदल्याच आठवड्यात मी रेट वाढवून मागितला होता, तेव्हा मात्र मी त्यांच्या घरचा होतो. दवाखान्याचे ८७ हजार मी भरले, बायकोची पाटली मोडून. त्यानंतर जे शिकलो ते इथे लिहितोय. रंगकाम, प्लास्टर, सेंट्रिंग, प्लंबिंग, कुणालाही लागू पडेल.

पहिला गैरसमज असा, की स्क्वेअर फुटावर पैसे घेतले म्हणजे आपोआप ठेकेदार झालो. तसं नाही. सौराष्ट्रातल्या मिठागरावर मीठ पिकवणाऱ्या अगरियांना मिठाच्या वजनावर पैसे मिळायचे, ते स्वतःची माणसंही कामाला लावायचे, तरी १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना कामगारच ठरवलं, कारण काम कसं करायचं त्यावर ताबा कंपनीचा होता. १९७३ मध्ये नगावर शिवणाऱ्या शिंप्यांचं तेच झालं. मशिनं दुकानाची, आणि शिलाई पसंत नसली तर मालक उसवून परत शिवायला लावणार, मग ते नोकरच. कागदावर काय नाव आहे यापेक्षा दिवस कसा जातो ते कोर्ट बघतं.

म्हणून साइटवर गेलात की रेट बोलायच्या आधी चार गोष्टी विचारा. कटर, ड्रिल, लेव्हल कुणाची? सकाळी नऊला हजर राहायचं की काम महिन्यात संपवायचं, कधी या कधी जा? मला ताप आला तर दुसरा फिटर पाठवून चालेल का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: टाइल पोकळ वाजली, उखडावी लागली, तर नव्या टाइलचे आणि मजुरीचे पैसे कुणाचे? नुकसान तुमच्या खिशातून जाणार असेल, माणसं आणि हत्यारं तुमची असतील आणि त्याच वेळी तुम्ही रावेतलाही दुसरं काम घेऊ शकत असाल, तर तुम्ही धंदा करताय. याउलट मशिन त्यांचं, सुपरवायझर रोज ‘आज किचन सोडा, बाल्कनी घ्या’ सांगतोय, वर्षभर दुसरीकडे जायची सोय नाही, तर तुम्ही रेटवर काम करणारे कामगार आहात, व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापा. उत्तरं अर्धी इकडची अर्धी तिकडची येतात, बहुतेक वेळा येतातच. अशा वेळी एकाच उत्तरावर उडी मारू नका, वजन कुठे झुकतंय ते बघा. आणि हे दर साइटला नव्याने ठरतं. मी एका सोसायटीत ठेकेदार असतो आणि शेजारच्या साइटवर फक्त मिस्त्री.

यातली खरी गोची वेगळी आहे. आपल्यासारखा माणूस वरच्यासाठी कामगार असो वा ठेकेदार, पण खालच्या तीन-चार पोरांसाठी तो मालकच असतो. हे मान्य करायला मला वेळ लागला. मालक म्हटलं की पांढरे कपडे डोळ्यांसमोर येतात, अंगावर सिमेंट नाही.

मालक म्हणजे काय, तर काम करताना हेल्परला काही झालं तर भरपाई तुमच्यावर. हिशोब ऐकून घ्या. ३० वर्षांचा पोरगा, मजुरी महिना १५,००० धरली, आणि काम करताना त्याचा जीव गेला, तर सूत्र असं: मजुरीच्या अर्धे ७,५००, गुणिले त्या वयाचा आकडा २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. साहेब तेव्हा जे बोलले ते अर्धंच खरं होतं, हे मला नंतर वकिलाकडून कळलं. ठेकेदाराच्या माणसाला इजा झाली तर तो मुख्य मालकाकडूनही, म्हणजे बिल्डरकडूनही, भरपाई मागू शकतो. मात्र बिल्डर ती रक्कम पुढे तुमच्याकडून वसूल करू शकतो. मजुरीचंही असंच, ठेकेदाराने बुडवली तर मुख्य मालकाला द्यावी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, जुने कायदे त्यात गेले, पण या दोन गोष्टी कायम आहेत. ठेकेदाराच्या लायसन्ससाठी ५० माणसांची अट आहे म्हणून आपल्यासारखे छोटे सुटतात. भरपाईतून सुटत नाहीत.

म्हणून डब्ल्यूसी पॉलिसी काढा, म्हणजे कामगाराच्या भरपाईचा विमा. एजंटला कामाचं खरं वर्णन द्या, उंचीवरचं काम असेल तर तेही सांगा, आणि माणसं वाढली की कळवा. बिल्डरची पॉलिसी आहे असं कुणी म्हणालं तर तिची कॉपी मागा आणि त्यात ठेकेदाराची माणसं धरलीत का, एवढीच ओळ शोधा.

लिखापढीला घाबरू नका, स्टॅम्प पेपर लागत नाही. मी काम सुरू व्हायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर असं टाकतो: “साहेब, बी विंग, मजला ४ ते ७, फ्लोअरिंग आणि बाथरूम डॅडो (भिंतीच्या टाइल्स). रेट २६ रुपये स्क्वेअर फूट. टाइल, सिमेंट, वाळू, लाइट, पाणी तुमचं. माणसं, मशिन माझी. मोजमाप दर शनिवारी दोघांनी मिळून, पैसे ७ दिवसांत. रिटेन्शन (राखून ठेवलेली रक्कम) ५ टक्के, काम संपल्यावर ३ महिन्यांत परत.” समोरून ‘ओके’ आल्याशिवाय सामान टेम्पोत चढत नाही. नुसता अंगठ्याचा इमोजी आला तर मी परत विचारतो. काही साहेबांना त्याचा राग येतो, येऊ दे.

घरी एक हजेरीवही ठेवा: नाव, तारीख, उचल किती दिली, सही किंवा अंगठा. हीच वही पोरांना बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करतानाही उपयोगी पडते, कारण मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला तुम्हालाच द्यायचा असतो. गावाकडचा चुलत भाऊ दाखला मागायला येईल. काम केलं नसेल तर देऊ नका, नातं गेलं तरी चालेल. माझं एक गेलंय.

टॅक्सचं थोडक्यात. एक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बिलं लाखाच्या वर गेली की बिल्डर १ टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापून भरायचा इन्कम टॅक्स, कापतो, पॅन दिला नाही तर २० टक्के. कापला तर घाबरायचं नाही, रिटर्न भरलं की हिशोबात मिळतो. पण कापलेला खरंच तुमच्या पॅनवर भरलाय का ते इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर बघा. मला एकदा सलग दोन वर्षं कापलेले पैसे दिसलेच नाहीत. टीडीएस कापला म्हणजे तुम्ही ठेकेदार ठरलात असंही नाही, ती फक्त त्यांच्या वहीतली नोंद. छोट्या धंद्याला उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखवून रिटर्न भरता येतं. जीएसटी वर्षाला २० लाखांच्या पुढे. एकट्या बंगल्याच्या नव्या बांधकामाचं निव्वळ मजुरीचं काम असेल तर त्यावर जीएसटी नाही.

सध्या माझ्याकडे चार पोरं आहेत. मागच्या महिन्यात एक साहेब म्हणाले, “पॉलिसी कशाला, आपलीच माणसं आहेत.” मी म्हटलं, “मग तुमच्या मस्टरवर घ्या, मी पण येतो.” ते हसले आणि पॉलिसीची कॉपी मेलवर मागवून घेतली.