नॅरोबोटच्या शाफ्टमधली गळती थांबेना : माझा अनुभव

नॅरोबोट म्हणजे कालव्यातली लांब, अरुंद बोट. इंजिन बंद असतानाही ग्लँडमधून (पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथली पाणी अडवणारी जोडणी) टपटप, सकाळी बिल्जमध्ये (बोटीच्या तळात) चार बोटं पाणी. ग्रीस भरलं, नट आवळले. गळती तशीच, वर ग्लँड चटका बसेल इतकी तापली. तीन रविवार फुकट गेले.

शेवटी बोट ड्रायडॉकमध्ये (पाणी काढून टाकता येणाऱ्या गोदीत) घेतली. ग्लँडमध्ये पाणी अडवायला ठासलेली जुनी दोरी आकड्याने उपसली. तळाशी त्याच दोरीची एक कडक, काळी कडी चिकटून होती; खरी चोर तीच. नवी ग्लँडदोरी (विहिरीच्या पंपाला लागते तसलीच) शाफ्टवर गुंडाळून तिरपी कापली, तशा कड्या केल्या. एकेक कडी तळापर्यंत दाबली, प्रत्येकीचा सांधा आधीच्यापासून १२० अंश फिरवून. दोन्ही नट फक्त हाताने, सारखे. बोट पाण्यात उतरवून दहा मिनिटं गिअरमध्ये चालवली, मग नट पाव-पाव आटा आवळले. चालताना एखाददुसरा थेंब पडू द्यावा. थांबल्यावर ग्रीसरला (ग्लँडमध्ये ग्रीस ढकलणाऱ्या डबीला) एक पीळ. बिल्ज कोरडं आहे.