मीटर लखलखीत, रस्ता काळा: रात्री गाडी चालवताना या चुका टाळा

संध्याकाळी गाडी न्यायला आलेलं गिऱ्हाईक सीटवर बसल्या बसल्या पहिलं काम काय करतं, तर नव्या स्क्रीनचा ब्राइटनेस बोटाने सरकवत शंभरवर नेतं. गाड्यांना असे स्क्रीन-सेट बसवायचं माझं दुकान, तिथल्या ट्यूबलाइटखाली ती झकास दिसतेच. मग तो माणूस साखळीहून वाळपईच्या वाटेला लागतो आणि दोन दिवसांनी येऊन सांगतो, "पात्रांव, हेडलाइट कमी पडतात, एलईडी बल्ब घाल." हेडलाइट ठीक असतात. काळोखाला डोळा पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. गाडीत समोर हेडलाइटचा उजेड असल्यामुळे आपण तिथवर कधी पोचत नाही, पण जेवढा सराव झालेला असतो तेवढाही पांढऱ्या-निळ्या स्क्रीनकडे वारंवार बघून घालवतो. वय वाढलं की डोळ्याची बाहुली अंधारात पुरेशी उघडत नाही, त्यामुळे पन्नाशीपुढच्यांना हे जास्त जाणवतं. बल्ब बदलून यातलं काही सुटत नाही.

केशरी वायर टेप मारून सोडणे

बाजारातून आणलेल्या अँड्रॉइड सेटच्या, म्हणजे गाणी आणि नकाशा चालवणाऱ्या स्क्रीनच्या मागे वायरींचा जुडगा असतो. पिवळी बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थिंगची. या तीन जोडल्या की सेट सुरू होतो, स्पीकर वाजले की घाईतला फिटर पैसे मागायला मोकळा. उरते ती केशरी. ती पार्किंग लाइटच्या लायनीला जोडायची असते. पार्किंग लागले की तिच्यात करंट येतो, सेटला कळतं की रात्र झाली आणि स्क्रीन आपोआप मंद होते. काही सेटांत रंग वेगळा असतो, तेव्हा वायरवरची चिठ्ठी वाचा. ही वायर जोडलीच नाही तर सेटच्या लेखी चोवीस तास दुपार.

हे मी लोकांना सांगतो आणि माझ्याच गाडीत ती वायर सात महिने टेप गुंडाळून लोंबत होती. उद्या करू, उद्या करू. श्रावणात एका रात्री बेळगावहून चोर्ला घाटाने परत येत होतो, शेजारी मेव्हणा पेंगलेला. चोर्ला गाव मागे पडलं आणि धुकं असं दाटलं की बॉनेटच्या पुढे नुसतं दूध. वेग जेमतेम ३०. दहा इंची नकाशा पांढराशुभ्र, आणि त्याचं चौकोनी प्रतिबिंब काचेवर डाव्या अंगाला तरंगत होतं. त्या चौकोनात रस्त्याची कड गेली ती गेलीच. केरीकडच्या उतारावर पुढचं वळण किती लांब आहे म्हणून स्क्रीनकडे बघितलं. दोन सेकंद असतील. ३०च्या वेगाला दोन सेकंद म्हणजे साधारण १७ मीटर. मान वर केली तर रस्त्यात चार पांढरे मोजे उभे. नुसते मोजे, वर काही नाही. ब्रेक मारला, गाडी तिरकी होऊन थांबली, तेव्हा मोज्यांच्या वरचा काळा डोंगर दिसला. गवा! आपल्या गोव्याचा राज्यप्राणी. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास भरतो, म्हणजे माझ्या गाडीएवढाच. त्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सावकाश रानात उतरला. मेव्हणा जागा होऊन म्हणाला, "केरी आलं?"

उरलेला घाट सेट बंद करून उतरलो आणि सकाळी दुकानाचं शटर वर करायच्या आधी वायर जोडली. पाऊण तासही लागला नाही.

तुमची जोडलेली आहे का ते घरच्या घरी कळतं. चावी फिरवा, पार्किंग लावा, बंद करा, परत लावा. स्क्रीन दरवेळी बदलायला हवी. बदलत नसेल तर आधी सेटच्या सेटिंगमध्ये रात्रीचा ब्राइटनेस वेगळा ठेवता येतो का बघा. फोनचा नकाशा गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारं अँड्रॉइड ऑटो वापरत असाल तर फोनमध्ये नकाशासाठी दिवस, रात्र, आपोआप असे पर्याय असतात, तिथे कोणीतरी 'दिवस' दाबून ठेवलेला असतो. बऱ्याचदा हे 'कोणीतरी' म्हणजे घरातला मुलगाच. एवढं बघून झाल्यावर फिटरकडे जा. काही महाभाग केशरी वायर लालला बांधून मोकळे होतात. मग स्क्रीन दिवसाही मंद, मालक वैतागून ब्राइटनेस टोकाला नेतो आणि रात्री पुन्हा तेच. असा जोड मारणारा एक पोरगा मी दोन दिवसांत घरी पाठवला होता.

मीटर उजळला म्हणजे दिवे लागले असं समजणे

जुन्या काट्याच्या मीटरचा एक फायदा होता. लाइट लावल्याशिवाय तो अंधारात दिसायचाच नाही, म्हणून माणूस झक मारत लाइट लावायचा. आताचा डिजिटल मीटर चावी फिरवली की झळकतो. पुढे दिवसाच्या बारीक एलईडींचा थोडा उजेड पडतो. पणजी-पर्वरीच्या खांबांखाली एवढं पुरतं. बहुतेक गाड्यांत मागचे लाल दिवे मात्र त्या वेळी बंदच असतात.

म्हापशाहून घरी येताना अस्नोडा सोडल्यावर माझ्यापुढे अशी एक काळ्या पाटीची भाड्याची गाडी होती. ती मला दिसली ती तिने ब्रेक दाबला तेव्हा. पुढे जाऊन थांबवली. पुण्याकडची पोरं होती. चालवणारा म्हणाला, "दादा, लाइट चालूच आहेत, हा बघा मीटर दिसतोय." त्याच्या स्क्रीनवरचा नकाशाही पांढरा होता, आणि खूण तीच. रात्री नकाशा पांढरा दिसला तर ब्राइटनेसला हात लावण्याआधी हेडलाइटचा स्विच बघा. दिवे बंद असले की सेटला रात्र कळत नाही.

पावसाळ्यात फिरवलेलं चाक तसंच ठेवणे

जून ते सप्टेंबर आपण भर दुपारीही लाइट लावून चालवतो. लाइट लागले की मीटर मंद होतो, दिवसा वाचता येत नाही, म्हणून मीटरचा उजेड कमी-जास्त करणारं स्टिअरिंगच्या बाजूचं छोटं चाक टोकापर्यंत फिरवलं जातं. काही गाड्यांत ते टोकाला 'टक' करून थांबतं आणि मंद होणंच बंद पडतं. ऑक्टोबरमध्ये लोक विचारतात, मीटर एवढा का चमकतो!

बाकीचं थोडक्यात. डॅशकॅमची स्क्रीन एका मिनिटात बंद होईल अशी लावा, रेकॉर्डिंग चालूच राहतं. डॅशबोर्डवर काचेजवळ जो काळा ठिपका असतो तो उजेडाचा सेन्सर आहे, त्यावर टॉवेल पसरू नका. डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मारू नका. रात्रीचे म्हणून विकतात ते पिवळे चष्मे समोरच्या दिव्यांबरोबर रस्त्याचाही उजेड कापतात. स्कूटरवाल्यांनो आणि मोटरसायकल टॅक्सी चालवणाऱ्या पायलटांनो, तुमच्या डिस्प्लेलाही रात्रीचा मोड असतो.

उलटी चूकही आहे. माझं ऐकून काहीजण स्क्रीन इतकी काळी करतात की वेगाचा आकडा वाचायला डोळे ताणावे लागतात. नजर तिथेच अडकली तर उपयोग काय? साब या स्वीडिश कंपनीने १९९०च्या दशकात गाडीत एक बटण दिलं होतं, दाबलं की वेगाचा मीटर सोडून बाकी सगळं विझायचं. तसं बटण आज सहसा दिसत नाही, पण बहुतेक सेटांत गाणं चालू ठेवून स्क्रीन बंद करायची सोय असते. ओळखीच्या रस्त्यावर मी तेच करतो आणि अनोळखी रस्त्यावर नकाशाचा आवाज चालू ठेवतो.

ब्राइटनेस कधीही दुकानात ठरवू नये. दिवे नसलेल्या जागी रस्त्याच्या कडेला सुरक्षित थांबा, हेडलाइट लावा, पाच मिनिटं नुसते बसा. मग आकडे वाचेनासे होईपर्यंत खाली आणा आणि एक खूण वर चढवा. पाच मिनिटं म्हटलं की नवशिक्यांचा चेहरा पडतो. दोन लाखांचा सेट बसवतील, पण पाच मिनिटं बसणार नाहीत.

आणि डॅशबोर्डवरचा निळ्या एलईडीचा गणपती. मंद करता येत नाही, काचेत बरोबर नजरेसमोर उमटतो. डिचोलीच्या एका गिऱ्हाइकाने तो काढायला साफ नकार दिला. मी त्याच्या वायरमध्ये एक छोटा स्विच घालून दिला. सकाळी अगरबत्ती लावतो तेव्हा चालू करतो, म्हणे.