उपदेश शनिवारी रात्री सुचत नाही: पाळकांनो आणि वडीलजनांनो, या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडच्या आपल्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्या लहान आहेत. कुणाचा ऊस अजून उभा आहे, कुणाच्या मुलीची सोयरीक मोडली, कुणाला मिरजेत अ‍ॅडमिट केलंय, हे उपासनेची घंटा होण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असतं. एकट्या पाळकसाहेबांनाच ते ठाऊक नसेल, तर उपदेश कितीही नीट बांधलेला असो, लोकांना लागत नाही. शनिवारी रात्री वही उघडून बसलं आणि काही सुचत नसलं, की आपण वाचन कमी पडलं असं समजतो. बहुतेक वेळा कमी पडलेली असते ती घरभेट.

घरभेटीची मोठी चूक म्हणजे तिथेही उपदेशच करणं. चहा, एक स्तोत्र, प्रार्थना आणि पुढचं घर. अशा भेटीत घरची माणसं फक्त मान हलवतात. बायबल लगेच उघडू नका. आधी बसा, विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. गळीत हंगामात आणि द्राक्षाच्या दिवसांत दुपारी गेलात तर म्हातारी माणसंच भेटतील. संध्याकाळी सातनंतर जा. आणि कोणत्या घरी किती वेळा जातो, हे एकदा तपासा. नोकरदारांच्या आणि कमिटीतल्या घरी वरचेवर, पण गावाबाहेरच्या विधवेकडे फक्त नाताळात, असं सहज होऊन जातं. सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला पुढे बसवणाऱ्यांना याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात काय सुनावलंय ते आपणच व्यासपीठावरून वाचतो. एका वहीत सगळ्या घरांची नावं आणि शेवटच्या भेटीची तारीख लिहा. ज्या घराची तारीख सर्वांत जुनी, तिथे या आठवड्यात आधी जा.

भेटीत जे कानावर पडलं ते व्यासपीठावर नेऊ नका. 'आपल्याच मंडळीतल्या एका घरात' एवढं म्हटलं, की नाव न घेताही चार माना एकाच बाकाकडे वळतात. ते कुटुंब पुन्हा तुम्हाला काही सांगणार नाही, आणि ते पाहून बाकीचीही सांगणार नाहीत. साक्ष द्यायचीच असेल तर ज्याची त्याने, स्वतःच्या इच्छेने द्यावी.

वचन तोडून घेणं

यिर्मया २९:११ आपल्याकडे कॅलेंडरवर असतं, दारावर असतं, लग्नपत्रिकेतही असतं. देवाचे संकल्प हिताचे आहेत, हे खरंच आहे. पण हे वचन ज्या पत्रात आहे ते बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. आदल्याच अध्यायात हनन्या हा खोटा संदेष्टा दोन वर्षांत त्यांची सुटका होईल असं सांगतो. यिर्मया सांगतो सत्तर वर्षं, आणि तोवर घरं बांधा, मळे लावा, त्या शहराचं हित पाहा असंही सांगतो. सत्तर वर्षं सांगणारी दहावी ओवी सोडून अकरावी वाचली, तर आपण यिर्मयाचं नाव घेऊन हनन्याचा उपदेश करतो. ज्याच्या मुलाला पाच वर्षं नोकरी नाही, त्या बापाला दोन वर्षांचं गोड आश्वासन नको असतं. सत्तर वर्षांतही देव सोडत नाही, हे त्याला ऐकायचं असतं. म्हणून उपदेशासाठी वचन निवडलं की आधीचा आणि नंतरचा अध्याय मोठ्याने वाचून काढा. अर्धा तास लागतो.

आजारी माणसासमोर

याबद्दल मला सर्वांत जास्त कळकळ वाटते. 'विश्वास धर, गोळ्या सोड' असं कुणी पाळक म्हणत असेल, तर ते माणसाच्या जिवावर बेतू शकतं. साधा क्षयरोगसुद्धा निदान सहा महिने नेमाने गोळ्या घेतल्यावर बरा होतो, आणि मध्येच सोडल्या तर औषधाला न जुमानणारा होऊ शकतो. फिट्सच्या आणि शुगरच्या गोळ्याही मनाने सोडणं धोक्याचं. आपल्याच भागात मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला इस्पितळ उभं केलं. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांचं भांडण त्यांना कधी दिसलं नाही. पौलासोबत लूक वैद्य होता, आणि पोटाच्या तक्रारीवर तीमथ्याला थोडा द्राक्षारस घ्यायला पौलानेच सांगितलं. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा, जरूर करा. मग पुढच्या तपासणीची तारीख विचारा आणि सोबत कुणी नसेल तर स्वतः जा.

संकटालाही तेच लागू. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा पापी आणि विश्वासी दोघांच्या घरात गाळ शिरला. अशा वेळी 'ही देवाची शिक्षा' असं म्हणणाऱ्याने लूक १३ वाचावा. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांहून जास्त अपराधी होते का, असं येशूने विचारलं आणि स्वतःच 'नाही' म्हणाला. पुराच्या रविवारी विलापाचं एखादं स्तोत्र वाचा, उपदेश दहा मिनिटांत संपवा आणि खराटे घेऊन बाहेर पडा.

भाषेचं थोडक्यात. मोबाइलवर पाहिलेल्या प्रचारकाचा चढा आवाज आणि अर्धं हिंदी उचलून माणच्या किंवा जतच्या शेतकऱ्यासमोर उभं राहू नका. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. त्याआधीपासूनच ते अभंगातून आणि कीर्तनातून ख्रिस्त सांगत होते, कारण ऐकणाऱ्याच्या कानाला ती चाल ओळखीची होती. ती वाट आपल्याच जिल्ह्यातून जाते.

दानाचे पैसे एकट्याने मोजू नका. पौलाने यरुशलेमसाठीची वर्गणी पोहोचवताना तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतला, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ ८). दर रविवारी दोघांनी मोजावं, सही करावी, महिन्याचा हिशेब दारावर लावावा. बाकीची कामंही वाटून द्या. सासरा इथ्रो याने मोशेला निर्गम १८ मध्ये हेच सांगितलं होतं. आपल्याकडे महिला मंडळाच्या बायका आजाऱ्यांना आधीच भेटत असतात. फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

आणि उपदेश लागतोय की नाही हे तपासायचं असेल, तर मंगळवारी दोन माणसांना विचारा: एक वडीलजन आणि एक मागच्या बाकावर बसणारा तरुण. 'उपदेश कसा झाला' असं विचारलंत तर 'छान झाला, साहेब' एवढंच मिळेल. 'रविवारचा शास्त्रभाग कोणता होता आणि त्यात काय घडलं' असं विचारा. दोघांनाही आठवलं नाही, तर पुढच्या रविवारी मुद्दे कमी करा, एकाच शास्त्रभागावर थांबा आणि त्या तरुणाच्या घरी बुधवारी संध्याकाळी जाऊन या.