स्ट्रीम वापरूनही मेमरी का फुगते? हास्केलमधल्या या चुका टाळा

हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत मोठा डेटा थोडाथोडा वाचण्यासाठी (म्हणजे स्ट्रीम करण्यासाठी) कॉन्ड्युट, पाइप्स किंवा स्ट्रीमली ही लायब्ररी घेतली की मेमरीची काळजी मिटली, अशी अनेकांची समजूत असते. लायब्ररी डेटा तुकड्यांनी आणून देते, एवढंच. आलेला तुकडा सोडायचा की धरून ठेवायचा, हे आपला कोड ठरवतो.

समजा, गोव्यातल्या पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या पर्जन्यमापकांची अनेक वर्षांची फाइल आहे. प्रत्येक ओळीत ठिकाण, वेळ आणि पडलेला पाऊस. सरासरी काढायची आहे.

सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे वाटेतच ‘सिंकलिस्ट’ लावून यादी बनवणं. बेरीज आणि मोजणीसाठी यादी हवी म्हणून ती बनवली जाते, पण ‘सिंकलिस्ट’ सगळे घटक गोळा करूनच यादी देतं, म्हणून बेरीज सुरू होण्याआधीच सगळी फाइल मेमरीत येऊन बसते. स्ट्रीम तिथेच संपली. कॉन्ड्युटमध्ये ‘झिपसिंक’ने दोन्ही कामं एकाच फेरीत होतात. किंवा ‘फोल्डएलसी’ला (एकेक घटक घेत उत्तर जमवणारा फोल्ड) बेरीज आणि संख्या अशी जोडी द्या, पण इथे दुसरा खड्डा आहे. हा फोल्ड स्ट्रिक्ट, म्हणजे हिशेब लगेच करणारा, असला तरी जोडीचं फक्त बाहेरचं कवच उघडतो. आतल्या दोन बेरजा न सोडवता थंक, म्हणजे लांबणीवर टाकलेले हिशेब, म्हणून साचत राहतात. ऑप्टिमायझर कधी वाचवतो, कधी नाही. त्याच्या भरवशावर राहू नका. स्वतःचा छोटा डेटा टाइप करा आणि दोन्ही फील्डच्या टाइपआधी उद्गारचिन्ह द्या, म्हणजे ती फील्ड लगेच मोजली जातात.

आता आपल्या लिपीचा प्रश्न, आणि मराठी-कोंकणी डेटा हाताळणाऱ्यांनी तो नीटच समजून घ्यायला हवा. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवण्याची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘फोंडा’ला १५ लागतात. फाइलचा तुकडा बाइट मोजून तुटतो, त्यामुळे ‘ड’चे दोन बाइट एका तुकड्यात आणि एक पुढच्यात जाऊ शकतो. प्रत्येक तुकड्यावर सुटं ‘डीकोडयूटीएफ८’ (बाइटांचा मजकूर करणारं फंक्शन) चालवलं तर तिथे एक्सेप्शन येतं. इंग्रजी नावांच्या चाचणी फाइलवर मात्र सगळं सुरळीत चालतं, म्हणून चूक उशिरा सापडते. लायब्ररीचं ‘डीकोडयूटीएफ८सी’ वापरा, ते उरलेले बाइट पुढच्या तुकड्याला जोडतं. त्यानंतरच ओळी पाडा.

ठिकाणांची नावं मॅपमध्ये साठवत असाल तर आणखी एक पाहा. बाइटस्ट्रिंगमधून (कच्च्या बाइटांच्या माळेतून) कापलेलं छोटं नाव मूळ बफरकडे बोट दाखवत राहतं. १५ बाइटांच्या नावापायी अख्खा तुकडा जिवंत राहतो. साठवण्याआधी ‘कॉपी’ करा.

‘डिलेड रीड ऑन क्लोज्ड हँडल’ हा एरर आला तर स्ट्रीम नव्हे, लेझी आयओ (गरज पडेल तेव्हाच फाइल वाचणं) शोधा: ‘विथफाइल’च्या आत ‘एचगेटकंटेंट्स’ करून मजकूर बाहेर नेलेला असतो. वाचायला सुरुवात होण्याआधीच फाइल बंद झालेली असते.

पावसाळ्यात वीज गेली की नोंद मध्येच तुटते आणि अर्धवट ओळ फाइलमध्ये राहते. मजकुराचं आकड्यात रूपांतर करणारं ‘रीड’ अशा एका ओळीवर सगळी प्रक्रिया पाडतं. ओळ वाचता आली नाही तर न कोसळता तसं सांगणारं ‘रीडमेबी’ घ्या. मात्र फसलेल्या ओळी गुपचूप गाळू नका, त्या वेगळ्या फाइलमध्ये लिहा. ज्या दिवशी वीज गेली, त्याच दिवशी जोराचा पाऊस असण्याची शक्यता जास्त.

कॉन्ड्युटमधून पाइप्समध्ये आलेल्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. तिथे वरचा भाग संपला की खालचाही थांबतो. ‘अवेट’च्या (पुढचा घटक मागण्याच्या) लूपमध्ये बेरीज ठेवून शेवटी ती परत करू पाहाल, तर तो शेवट कधी येतच नाही; ‘पाइप्स प्रिल्यूड’मधला ‘फोल्ड’ वापरा. कॉन्ड्युटचा ‘अवेट’ इनपुट संपल्यावर ‘नथिंग’ (काही उरलं नाही) देतो, म्हणून तिथे ही अडचण नाही.

आणि दुरुस्ती झाली की मोजा. ‘आरटीएसऑप्ट्स’ फ्लॅग देऊन कंपाइल करा, प्रोग्राम ‘+आरटीएस -एस’ने चालवा आणि ‘मॅक्सिमम रेसिडेन्सी’ (एका वेळी मेमरीत राहिलेला सर्वाधिक डेटा) बघा. मग दहापट मोठी फाइल द्या. आकडा जवळपास तितकाच राहिला तर स्ट्रीम खरी. फाइलबरोबर तोही वाढला तर आधी ‘सिंकलिस्ट’ शोधा, मग जोडीतले थंक.